‘पेगन’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातील लोकांच्या ‘यूल’ या हिवाळी सणावरील लेखाचा अनुवाद करताना मी ‘पेगन’साठी (ख्रिस्ती लोकांनी जुन्या, बहुदेवपूजक धर्माच्या लोकांना दिलेले नाव) ‘मूर्तिपूजक’ असे लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘निसर्गपूजक’ केले. मला दोन्ही शब्द खटकतात. आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात केलेल्या वर्णनात बळी दिल्यावर ओदिन या देवाच्या नावाने विजयासाठी, आणि न्यॉर्ड व फ्रेय या देवांच्या नावाने सुगी व शांततेसाठी पेले उचलले जातात, शिवाय दिवंगत आप्तांचीही आठवण ठेवली जाते. हे सारे ‘निसर्ग’ या एका शब्दात कसे मावेल?

प्रतिसाद १ : लॅटिन ‘पागानुस’ हा शब्द ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण परगणा यावरून आला आहे. तेव्हा ‘ग्रामधर्मी’ का म्हणू नये? ‘गावठी’ हा शब्दही हिणवण्यासाठी वापरला जाई, आणि आज त्याच शब्दाने कोंबडीचा भाव वाढतो. आपली भाषा समर्थ असताना ‘पेगन’ उसना घेण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद २ : व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आम्ही वसईकर ख्रिस्ती मराठी बायबलमध्ये ज्यू नसलेल्यांसाठी ‘परराष्ट्रीय’ हा शब्द वाचत वाढलो. तोही इतरांनी बाहेरून दिलेला शब्द आहे, ‘पेगन’ही तसाच. ‘ख्रिस्तपूर्व’ म्हणावे, तर आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही खासगीत बळी देण्याची मुभा काही काळ होती. म्हणून ‘पेगन’ तसाच ठेवून एकदा त्याचा खुलासा करावा, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रतिसाद ३ : त्याहून मोठी चूक अनुवादांत सर्रास आढळते, ती म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या घटनेला ‘मकरसंक्रांत’ म्हणणे. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या अतिसंथ डोलण्यामुळे, आपली संक्रांत त्या दिवसापासून तीन आठवड्यांहून अधिक पुढे सरकली आहे. शालेय भूगोलातला ‘अयनदिन’ हा शब्द नेमका आहे. शिवाय स्नोरीच्याच म्हणण्याप्रमाणे यूल पूर्वी मध्यहिवाळ्याच्या रात्री सुरू होई आणि नॉर्वेचा राजा हाकोनने दहाव्या शतकात तो नाताळाशी जुळवला. त्यामुळे यूल मुळात अयनदिनाचाच सण होता, असे गृहीत धरू नये.

प्रतिसाद १ : ‘अयनदिन’ जूनमध्येही येतो, म्हणून ‘दक्षिणायनान्त’ लिहावे. माझी आजी ‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो’ असे म्हणे. दिवस डिसेंबरातच वाढू लागतो हे शाळेत शिकून मी तिला सुधारायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, ‘वाढत असेल, पण दिसतो संक्रांतीलाच.’

प्रतिसाद ३ : आजींचे निरीक्षण खरे आहे. अयनदिनासाठीच्या इंग्रजी ‘सॉल्स्टिस’मागच्या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘सूर्य थबकणे’ असाच आहे, कारण त्या सुमारास काही दिवस फरक जाणवतच नाही. मग ‘अयनान्त’ तरी कसा पुरेल? त्यात थबकणे कुठे आहे?