कादंबरीतील काल्पनिक मुस्लिम देशाच्या सैन्यात स्त्री अधिकारी कशी दाखवावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्या कादंबरीची नायिका एका काल्पनिक मुस्लिम देशाच्या पायदळात कॅप्टन आहे. हा देश समुद्रकाठचा असून त्याला स्वतंत्र होऊन साठेक वर्षे झाली आहेत, आणि तेथे सक्तीची लष्करभरती नाही. पहिला खर्डा वाचून दोन स्नेह्यांनी ‘मुस्लिम देशात बाई पायदळात कशी?’ अशी शंका काढली. मला ती पटत नाही, परंतु तिचे उत्तर कथेतूनच मिळायला हवे. नायिकेला सैन्यात कोणत्या वाटेने आणावे, आणि गणवेशासोबत हिजाब दाखवावा का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

देश मुस्लिम आहे एवढ्यावरून त्याच्या सैन्यातील स्त्रियांविषयी काहीच ठरत नाही. तुर्कस्तानच्या सबिहा ग्योकचेन १९३७ साली देर्सिमच्या मोहिमेत वैमानिक म्हणून सहभागी होत्या (ती मोहीम देशातल्याच लोकांविरुद्ध होती, हेही विसरू नये), तर सौदी अरेबियात स्त्री सैनिकांची पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली ती २०२१ साली. शिवाय ही वाट सरळ पुढे जात नाही. तुर्कस्तानात पन्नाशीच्या दशकात स्त्रियांना लष्करी विद्यालयाचे दार उघडले, पुढच्या दशकात ते मिटले आणि १९९२ साली पुन्हा उघडले; पाकिस्तानातही स्वातंत्र्यानंतर लगेच बेगम राना लियाकत अली खान यांनी उभे केलेले स्त्रियांचे नॅशनल गार्ड काही वर्षांतच मोडले. आपल्या देशालाही असा मागेपुढे होणारा इतिहास द्यावा, म्हणजे नायिका अचानक उगवल्यासारखी वाटणार नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, मात्र पायदळाविषयी स्नेह्यांनी काढलेली शंका अगदीच निराधार नाही. पाकिस्तानात २०२० साली लेफ्टनंट जनरल झालेल्या निगार जोहर आणि बांगलादेशात २०१८ साली मेजर जनरल झालेल्या सुसाने गीती या दोघीही सैन्याच्या वैद्यकीय शाखेतल्या. त्यानंतर बहुधा हवाई दल येते: संयुक्त अरब अमिरातीच्या मरियम अल मन्सूरी यांनी २०१४ साली सीरियातील ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेवरील हल्ल्यात एफ-१६ लढाऊ विमान उडवले. पायदळाचे दार सहसा सर्वांत शेवटी उघडते, आणि हे केवळ मुस्लिम देशांपुरते खरे नाही. म्हणून तेथे गरज निर्माण करावी. अफगाणिस्तानात घरांची झडती घेताना आतल्या स्त्रियांशी बोलायला आणि त्यांची तपासणी करायला स्त्री सैनिकच लागत. पुरुषाने त्यांना हात लावणे तेथे अशक्य होते. ज्या रीतीने बाईला घरात ठेवले, तीच रीत दुसऱ्या बाईला रणभूमीवर नेते, हा पेच कादंबरीला फार बळ देईल, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३

हिजाबाबाबत वाचकाची अपेक्षा उलटी करता येईल. तुर्कस्तानच्या सैन्यात २०१७ पर्यंत स्त्री अधिकाऱ्यांना डोके झाकण्यास मनाई होती, त्यामुळे धार्मिक घरातील मुलीला पदर आणि पद यांतून एकाची निवड करावी लागे. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इंडोनेशियाच्या लष्करात भरतीसाठी आलेल्या मुलींची ‘कौमार्य चाचणी’ २०२१ पर्यंत घेतली जात असे, आणि हा अपमान खुद्द लष्करच करत होते. नायिकेचा झगडा घरच्यांपुरताच ठेवू नये. राहिली स्नेह्यांची शंका, तर १५९५ साली मुघलांनी वेढा घातला असता अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी त्यांना आठवून द्यावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. नायिकेची खाला अशाच एका मोडलेल्या स्त्री पथकात होती, असे आता ठरवले आहे. झडतीसाठी नेमलेली नायिका पुढे एका चौकीचा ताबा घेते आणि तिथून पायदळात येते. तिच्या भरतीच्या दिवसाचे प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे.