‘हसण्यावारी नेणे’ की ‘हसं करणे’?

राजवाडा:
इंदूरच्या आम्ही काही मैत्रिणी महिन्यातून एकदा मिळून सिनेमा बघतो. या खेपेला ‘जोजो रॅबिट’ (२०१९). निरोपात मी लिहिलं, ‘नाझींचा द्वेष हसण्यावारी नेणारी डार्क कॉमेडी’. सासूबाईंनी वाचलं आणि फोन परत देत म्हणाल्या, “म्हणजे झालं गेलं सोडून द्या म्हणतेस?” मी तर ‘हसून उडवून लावणे’ याच अर्थानं वापरत आलेय. चुकतंय का? आणि डार्क कॉमेडीला मराठीत काय म्हणावं?

शिप्राकाठ:
सासूबाईंचं बरोबर. दुखणं हसण्यावारी नेलं म्हणजे मनावर घेतलं नाही. इथं द्वेष पुरता मनावर घेतलाय. ज्यूंना शिंगं असतात असं दहा वर्षांचा जोजो खरंच मानतो, आणि घरात भिंतीआड लपलेल्या ज्यू मुलीलाच विचारून वही भरतो. हसं होतं ते त्या शिकवणीचं. ‘हसं करणे’ म्हटलं की कोणाचं ते सांगावंच लागतं. सगळा फरक तिथं आहे.

धारकर:
‘वारी’ म्हणजे वाऱ्यावर सोडणे. आजोबा असंच सांगायचे. आणि ‘कृष्णविनोद’ हा चांगला शब्द असताना डार्क कॉमेडी कशाला?

शिप्राकाठ:
मग ‘थट्टेवारी’तही वाराच का? मला तो ‘तारीखवार’मधला ‘वार’ वाटतो.

तोपखाना:
कृष्णविनोद म्हटलं की लोणी चोरणारा बाळकृष्ण डोळ्यांपुढे येतो, काळा विनोद म्हटलं की काळा बाजार. बोलताना सगळे ब्लॅक कॉमेडी म्हणतात, तेच लिहा.

धारकर:
असं करत करतच आपल्याकडे ‘येऊन राहिलोय’ रुळलं. विनोद म्हणजे वि + नुद्, दूर सारणे. दुःख दूर सारतो तो विनोद. इतका नेमका शब्द हाताशी आहे.

राजवाडा:
दूर कुठं सारतो? जोजोला आई फासावर लटकलेली दिसते. तो तिचे पाय कवटाळतो, बुटाची सुटलेली नाडी बांधायला जातो, आणि त्याला ती बांधता येत नाही. तोवर जेवढं हसलो, ते सगळं तिथं अंगावर येतं. याला विनोद म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिप्राकाठ:
चॅप्लिनचंही तेच झालं. १९४० साली ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये त्यानं हिटलरचं हसं केलं. पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिलं, छळछावण्यांतलं खरं भयंकर तेव्हा माहीत असतं तर हा चित्रपट करूच शकलो नसतो. हुकूमशहाचं हसं करता येतं, छावणीचं नाही.

मांडवी:
आम्ही वडोदऱ्याचे. घरी मराठी बोलतानाही आई ‘ठेकडी उडवली’ म्हणायची. गुजरातीतला शब्द, पण त्यात दात आहेत. ‘द्वेषाची ठेकडी उडवणारा’ कसं वाटतं?

तोपखाना:
ठेकडी, ठठ्ठा, हिंदीत ठिठोली, ठहाका. हसण्याचे इतके शब्द ‘ठ’वरून कसे? माळवीत आणखी कुठले आहेत?

धारकर:
‘ठठ्ठा’ आणि ‘थट्टा’ एकच. त्यावर उद्या सविस्तर लिहितो.