भारत-जपान: बारावीनंतरच्या पुरुष शिक्षकांची तुलना कशी करायची?

गंगापूररोडकर: एम.ए.चा प्रकल्प आहे. दोन्ही देशांचे पुरुष शिक्षकांचे आकडे शेजारी ठेवले की झालं ना?

आकडेमोड: नाही. आधी स्तर जुळवा. युनेस्कोच्या वर्गीकरणात उच्च शिक्षण म्हणजे स्तर ५ ते ८. स्तर ४ बारावीनंतरचा असला तरी त्यात धरत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच इमारतीत, त्यामुळे अकरावी-बारावीचे शिक्षक हमखास घुसतात. ते स्तर ३ चे, बाहेर काढा.
भारतासाठी एआयएसएचईचा (केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं देशव्यापी सर्वेक्षण) २०२१-२२ चा अहवाल घ्या: एकूण १५.९८ लाख शिक्षक, पुरुष ५६.६ टक्के, म्हणजे सुमारे ९.०४ लाख. युनेस्कोच्या तक्त्यात हे वर्ष २०२२ म्हणून शोधा. शैक्षणिक वर्ष संपतं ते साल तिथे धरतात.

समंत्रक_नाशिक: जागतिक बँकेच्या तक्त्यात शिक्षकांमधल्या महिलांची टक्केवारी असते. शंभरातून वजा करा, मग एकूण संख्येने गुणा. मात्र एकूण आणि टक्केवारी एकाच वर्षाची हवी. तिथेच बहुतेकांचं गणित फसतं.
दुसरी गोम: डोकी मोजलीत की पूर्णवेळाच्या हिशेबात पदं? तासिका तत्त्वावरचा माणूस दोन कॉलेजांत शिकवत असेल तर तो दोनदा मोजला जाऊ शकतो. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर शिकवणाऱ्या समंत्रकांचंही तेच.

आकडेमोड: आणि नुसत्या संख्येवर निष्कर्ष नको, लोकसंख्येतच केवढा फरक! दर हजार विद्यार्थ्यांमागे किती, ते काढा.