प्रतिसाद: आधी विश्वास की आधी सेवा?

ताई, तुम्ही लिहिलंत की आधी विश्वास पक्का होऊ दे, मग सेवेचं बघू. मला हा क्रम पटत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्यांचा विश्वास कुठे पक्का होता? त्याच रात्री त्यांच्यातल्याच पेत्राने ‘मी येशूला ओळखत नाही’ असं म्हणत त्याला तीनदा नाकारलं. तरी एकमेकांचे पाय धुवायला प्रभूने त्यांनाच सांगितलं.

माझी प्रार्थना अगदी कोरडी पडली होती, तेव्हा मी एका आजारी आजींना रोज बायबलमधली स्तोत्रं वाचून दाखवायचे. एके दिवशी 13वं स्तोत्र आलं. ‘परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारं. वाचता वाचता माझाच आवाज भरून आला. देवाला असं विचारता येतं, आणि तीही उपासनाच असते, हे मला त्या खाटेशेजारी कळलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी मनापासून प्रार्थना केली.