पानगळीचे दिवस आणि घरातली चिल्लीपिल्ली : आपापले अनुभव लिहा

रेघोट्या :
काल दुपारी लेक जमिनीवर पालथी पडून उन्हाच्या कडेवर बोट फिरवत होती. साडेतीन वर्षांची आहे. म्हणाली, "आई, हे ऊन माझ्या खेळण्यांपर्यंत आलं, आधी येत नव्हतं." आणि मला एकदम माझी आई आठवली, इतकी की हातातलं काम तसंच राहिलं.

धाकट्या भावाला दम्याचा त्रास होता. हवा पालटायला लागली की त्याला धाप लागायची आणि मग दिवसचे दिवस बाहेर खेळणं बंद. तो खिडकीत बसून रडायचा, मला बाहेर जाता येतं म्हणून माझ्यावर चिडायचा. तर आईने काय सुरू केलं, दर रविवारी दुपारी ठरलेल्या वेळेला खोलीतलं ऊन जिथे संपतं तिथे खडूने रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची. पुढच्या रविवारी ऊन ती रेघ ओलांडून चांगलं चार बोटं आत आलेलं असायचं. रेघ मारायचं काम भावाचं, तारीख लिहायचं माझं, आणि त्यावरून रोजची भांडणं ती वेगळीच. सूर्य खाली खाली सरकतोय म्हणून ऊन घरात शिरतंय हे आईने सांगितलं नाही, आम्हालाच ओळखू दिलं. पुढे शाळेत विषुवदिन शिकवला तेव्हा भाऊ म्हणाला, "हे तर आपल्या जमिनीवर आहे."

आता कळतं की आईने वेळ अगदी बरोबर निवडली होती. २२-२३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य सगळ्यात भराभर सरकतो, दिवसही सगळ्यात वेगाने लहान होतो. हाच खेळ जून नाहीतर डिसेंबरात केला असता तर रेघा एकमेकींना चिकटून बसल्या असत्या. लहान मुलांना दिसेल इतक्या वेगाने बदलणारा हा काळ आहे आणि नेमकं तेव्हाच आपण त्यांना सर्दीच्या भीतीने आत ठेवतो. मला वाटतं बाहेर नेता आलं तर न्यावंच, आणि नाही जमलं तर बाहेरचं थोडं आत आणावं.

तुमच्याकडे काय चालतं या दिवसांत? लहानपणचं, आत्ताचं, काहीही लिहा.

काजवा :
खिसे!! आमच्याकडे नुसते खिसे. मशीनमधून कपडे काढले की सगळ्यांच्या अंगावर पानांचा चुरा. शेवटी दाराशी एक टोपलं ठेवलं, आत येताना खिसे त्यात रिकामे करायचे असा नियम, लेकाने तो नियम फारच मनावर घेतला आणि आता टोपल्यात काठ्या, पिसं, दगड आणि ओकच्या बिया. एक दिवस त्या बियांना बारीक भोकं पडलेली आणि टोपल्यात पांढऱ्या अळ्या वळवळतायत. भुंग्याच्या अळ्या असतात म्हणे त्या, बी झाडावर असतानाच मादी आत अंडं घालते आणि बी खाली पडली की अळी भोक पाडून बाहेर येते, मग मातीत शिरते. हे वाचून दाखवलं तर लेक म्हणाला मग यांना माती हवी, बाप्पाची कृपा की घरात कुंडी होती. आता रोज सकाळी कुंडीशी बसून "झोपल्या का गं" विचारतो.

मनमोकळी :
किती सुंदर लिहिलंयस रेघोट्या. पण आमच्या घरी सध्या ऊन वगैरे काही नाही, फक्त नाकं. मोठी पाळणाघरात जायला लागली आणि तेव्हापासून एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. रात्री धाकटा नाक चोंदलं म्हणून उठतो, त्याच्या रडण्याने मोठी उठते, मग नवरा एका खोलीत मी एका खोलीत. सासूबाई म्हणतात तुझं दूध कमी पडलं म्हणून आजारी पडतात. हे ऐकून रात्री जास्त रडू येतं, मुलांच्या रडण्याने नाही येत तेवढं.

सायंतारा :
मनमोकळी आधी तू शांत हो. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं आहे, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून जास्त, आणि त्यातल्या बऱ्याचशा याच महिन्यांत येतात. एकेक सर्दी दहा-पंधरा दिवस रेंगाळते, म्हणून असं वाटतं की मूल सतत आजारीच आहे. तुझ्या दुधाचा यात काही दोष नाही. शाळा सुरू झाल्या, मुलं बंद खोलीत एकत्र आली, विषाणू फिरला, एवढीच गोष्ट आहे. यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, मागून घेऊ नका. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात, पाजण्याआधी नाक साफ, एवढ्याने रात्र बरी जाते.

पण श्वास घेताना फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, दूध घेत नसेल, लंगोट बराच वेळ कोरडा असेल तर वाट बघू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सियस किंवा वर ताप म्हणजे लगेच डॉक्टर, रात्र असो की पहाट.

रेघोट्या, तुझ्या भावाचं वाचून वाटलं की दम्याच्या मुलांना शाळा उघडल्यावर त्रास वाढतो तो याच साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे बरेचदा. तेव्हा लोक फक्त हवेला नावं ठेवायचे.

मनमोकळी :
सायंतारा हे मी स्क्रीनशॉट काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलंय. बघू. खरंच थँक्यू गं.

उनाड बाबा :
अंधार लवकर पडतो याचं सगळ्यांना दुःख, मला आनंद. उन्हाळ्यात मुलं झोपायच्या आत आकाश काळं होतच नाही. आता जेवणं व्हायच्या आत तारे. दोघांना खांद्यावर आणि कडेवर घेऊन गच्चीत. भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधायचा, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून होतो तो, संध्याकाळी आकाशात बराच वर असतो, रिकामा रिकामा दिसतो म्हणून मुलांना पटकन सापडतो. त्याच्या एका कोपऱ्यातून देवयानीची रांग निघते. उत्तरेकडे शर्मिष्ठेचा तारकासमूह, धाकटी तिला "आईचा एम" म्हणते. दिवे नसलेल्या जागी गेलो तेव्हा देवयानीतला तो धुरकट ठिपका पण दिसला, दीर्घिका आहे ती, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह, साधारण २५ लाख प्रकाशवर्षं लांब. थोरल्याला सांगितलं हा उजेड निघाला तेव्हा आपल्यासारखी माणसंच नव्हती. बराच वेळ गप्प बसला मग विचारतो, "मग तो कोणाला भेटायला निघाला होता?"
मला अजून उत्तर सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर सांगा.

काजवा :
उनाड बाबा तुमच्या लेकाला माझ्या लेकाची भेट घालून द्यायला हवी 😄

दक्षिणवारा :
आम्ही दक्षिण गोलार्धात, आमची पानगळ एप्रिल-मे मध्ये. तुम्ही सगळे आता पानं गोळा करताय आणि आमच्याकडे कळ्या. पोरीच्या सगळ्या चित्रांच्या पुस्तकांत ऑक्टोबर आला की पिवळी पानं, ती खिडकीबाहेर बघते आणि म्हणते पुस्तक चुकलं. मग चेंडू आणि टॉर्च घेऊन पृथ्वी कशी कलली आहे ते दाखवलं, तिला पटलं, पण आता तिचा आग्रह की तिकडच्या आजीला थंडी वाजत असणार तर आपलं ऊन पार्सलने पाठवू.
रेघोट्या, तुमच्या रेघा आमच्याकडे मार्चमध्ये मारीन. आमचा विषुवदिन २०-२१ मार्चचा धरायचा ना शरदासाठी?

रेघोट्या :
हो दक्षिणवारा, मार्चचाच. आणि तुमच्याकडे उत्तरेकडची खिडकी घ्या, दुपारचा सूर्य तिकडे असतो. विषुववृत्तापासून लांब राहत असाल तर फरक जास्त दिसेल, ५० अंश अक्षांशावर त्या दिवसांत रोज जवळपास चार मिनिटं दिवस कमी होतो, २० अंशांवर जेमतेम एक मिनिट.

पिंपळपान :
मला लिहू की नको वाटत होतं. माझं बाळ सप्टेंबरात झालं, पहिलंच. सगळे म्हणायचे किती छान हवा आहे. मला मात्र ऊन उतरायला लागलं की पोटात गोळा यायचा. नवरा कामावर, बाहेर अंधार, बाळ संध्याकाळीच सगळ्यात जास्त रडायचं, आणि घड्याळाकडे बघितलं तर अजून रात्रही झालेली नसायची. खिडकीचा पडदा मी आधीच ओढून घ्यायचे म्हणजे अंधार पडताना बघावा लागू नये. शेजारच्या आजी एक दिवस काहीतरी द्यायला आल्या, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच वेळेला यायला लागल्या. काही विचारायच्या नाहीत. बाळाला घ्यायच्या आणि म्हणायच्या तू जरा पाठ टेक. बाळ आता सहा वर्षांचं आहे. हे दिवस आले की अजूनही एकदा पोटात हलतं.

सायंतारा :
पिंपळपान बरं झालं लिहिलंस. संध्याकाळचं ते रडणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक बाळांचं असतं, सहा आठवड्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त, मग उतरतं. म्हणजे तुझं बाळ नेमकं अंधार वाढत होता तेव्हाच तिथे पोचलं होतं. आत्ता कोणी यातून जात असेल आणि हे वाचत असेल तर सकाळच्या उजेडात बाळाला घेऊन बाहेर पडा, आणि दोन आठवड्यांहून जास्त मन उतरलेलं राहिलं तर डॉक्टरांना सांगा, बाळाच्या डॉक्टरांना सांगितलं तरी चालतं. यावर उपचार आहेत.

मनमोकळी :
पिंपळपान तुला मिठी. त्या आजींना पण.

टिवल्याबावल्या :
ज्यांच्याकडे घड्याळ एक तास मागे जातं त्यांनी हात वर करा. मोठ्यांना वाटतं एक तास झोप जास्त मिळाली. दोन वर्षांच्या पोराला कोण सांगणार. पहाटे पाचला उठून गाडी चालवायला मागतो. यंदा बहिणीने सांगितलं म्हणून आधीच्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा झोपवत गेलो, जेवण आंघोळ सगळंच थोडं थोडं पुढे, आणि बऱ्यापैकी जमलं. सकाळी उठल्या उठल्या मात्र पडदे बंद, पाच वाजता दिवे लावून कौतुक केलं की त्याला वाटतं दिवस सुरू झाला.
दुसरं म्हणजे जाड जॅकेट. गाडीतल्या सीटमध्ये पट्ट्याखाली फुगीर जॅकेट ठेवू नका, धक्का बसला की ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टा लावायचा, वरून पांघरूण घालायचं. रोज रडारड होते तरी मी मागे हटत नाही.

नवे आजोबा :
नातू चार वर्षांचा, आमच्याकडे दुपारी असतो. त्याने विचारलं पान लाल कोणी केलं. आता मी रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला, मला राहवेना. हिरवं पान कुस्करून थोड्या स्पिरिटमध्ये भिजवलं (स्पिरिट मीच हाताळलं, खिडक्या उघड्या ठेवून) आणि गाळण कागदाची पट्टी उभी बुडवली. तासाभरात पट्टीवर हिरवा पट्टा वेगळा आणि पिवळा वेगळा. म्हणजे पिवळा रंग पानात पहिल्यापासून होताच, हरितद्रव्य मोडलं की तो उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही, तो बऱ्याच झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानातल्या साखरेपासून, दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की जास्त गडद. मग देठाच्या बुडाशी झाड स्वतःच पेशींचा एक थर तयार करतं आणि पान सुटतं. नातवाने हे सगळं ऐकून घेतलं आणि आजीला जाऊन सांगितलं, "पान पडत नाही, झाड त्याला जा म्हणतं." चाळीस मुलांच्या वर्गात मला असं वाक्य कधी ऐकू आलं नाही.

उनाड बाबा :
आजोबा 🙏 तुमच्या नातवाने माझ्या लेकाच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं अशी विनंती.

काजवा :
आजोबा स्पिरिट म्हणजे मेडिकलमध्ये मिळतं तेच का? आणि लाल पानाचं केलं तर?

नवे आजोबा :
तेच. लाल पानाचंही करा, पण तो रंग पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे पट्टीवर तो वेगळा वागतो. दोन्ही शेजारी ठेवा.

टिवल्याबावल्या :
विषयाला सोडून विचारतो, हातमोज्यांचं काय करता? एकच हरवतो नेहमी. डावाच.

मनमोकळी :
दोन्ही मोजे एका लांब दोरीने जोडायचे आणि दोरी जॅकेटच्या बाह्यांतून आरपार घालायची, आमची आजी करायची. दोरी बाहीच्या आतच राहील अशी घाला, मानेभोवती नको, आणि घसरगुंडीवर जाताना काढून टाका.

टिवल्याबावल्या :
वा! आजच करतो.

पिंपळपान :
माझ्या लेकाने शेजारच्या आजींसाठी पानं जमवली आहेत, त्यांना तक्ता करून द्यायचाय. पुस्तकात दाबली की ती करकरीत होतात आणि तुटतात. मऊ राहायला काही उपाय आहे का कोणाकडे?

काजवा :
ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन दोन भाग पाणी, पसरट ताटात, पानं पूर्ण बुडतील अशी वर दुसरं ताट ठेवायचं. तीन-चार दिवसांनी काढून पुसायची. ताजी पडलेली घ्या, आधीच वाळलेली घेऊ नका. रंग जरा गडद होतो पण पान चामड्यासारखं वाकतं. लाल पानं दोन-चार जास्तच टाका, सगळी सारखी येत नाहीत. धाकटा उठला, बाकीचं रात्री लिहिते.