फादर दिब्रिटोंवर तासभर बोलायचंय, संमेलनाचा वाद सोडून काय सांगू?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. साताऱ्यात ९९ वं साहित्य संमेलन झाल्यापासनं आमच्या पेठेतल्या वाचनालयाला हुरूप आलाय, आता महिन्यातनं एकदा कुणीतरी एका माजी संमेलनाध्यक्षावर तासभर बोलायचं असं ठरलंय. माझ्या वाट्याला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आलेत. फळ्यावर नाव लिहिलं तसं दोघातिघांनी लगेच विचारलं, ते पाद्री ना, ज्यांच्या निवडीवरनं धमक्यांचे फोन गेलते? बास, तेवढंच. आमच्याकडं या माणसाची आठवण तेवढ्यावरच थांबलीय आणि ते मला लई खटकतंय.

मला जे माहितीय ते असं. वसईजवळच्या नंदाखालचे, १९७२ ला धर्मगुरू झाले, १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, मराठीत 'सुबोध बायबल' केलं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार, जानेवारी २०२० ला उस्मानाबादच्या ९३ व्या संमेलनाचे अध्यक्ष, आणि २५ जुलै २०२४ ला गेले. ही सगळी माहिती मोबाईलवर पाच मिनिटात मिळते, लोक त्यासाठी संध्याकाळचं घर सोडून वाचनालयात कशाला येतील.

मला समजून घ्यायचंय ते हे की चर्चमध्ये प्रवचन देणारा माणूस बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात रस्त्यावर कसा आला, आणि आल्यावर त्यानं धर्मगुरूपण बाजूला ठेवलं होतं का तेच घेऊन आला होता. आमच्याकडं कीर्तनकार आहेत, महाराज आहेत, त्यांना लोक मानतात, पण गावच्या पाण्याचा विषय निघाला की बरेचजण म्हणतात तो राजकारणाचा भाग, आपण हरिनाम घ्यावं. म्हणून विचारतोय. वसईकडचं कुणी असेल तर जरूर लिहा, मोठं लिहिलं तरी चालेल.

---

माहेर_वसई (कराड)

दादा, मी लिहिते. माहेर वसई, लग्नानंतर कराडात, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

आधी एक सांगते, वसई म्हटलं की इकडच्या लोकांना चिमाजीअप्पा आणि त्यांनी १७३९ ला जिंकलेला किल्ला एवढं आठवतं, आणि आता आताच्यांना लोकल ट्रेनची गर्दी. मधली वसई कुणाला माहीत नाही. रेल्वेच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत वाड्याच वाड्या, केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा, भाजी. प्रत्येक वाडीला स्वतःची विहीर. राजेळी केळी सोलून वाळवून सुकेळी करतात ती आमच्याकडचीच. आम्ही कॅथलिक असलो तरी घरात बोलतो ते मराठीच्याच वळणाचं, गाऱ्हाणी घालतो तीही मराठीत, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तीसुद्धा मराठीत झाली. फादर या सगळ्यातनं वर आलेले. बाहेरून येऊन मराठी शिकलेले नव्हते.

आता तुमचा प्रश्न. ऐंशीच्या दशकात मुंबई वाढत वाढत वसई-विरारपर्यंत आली, इमारती उभ्या राहिल्या पण त्यांना पाणी नव्हतं. मग काय झालं, वाड्यांमधल्या विहिरींना मोठे पंप लागले, टँकर भरायचे आणि सोसायट्यांना विकायचे, दिवसरात्र. समुद्र जवळ असल्यामुळं गोडं पाणी उपसलं की त्या जागी खारं पाणी आत शिरतं. आमच्या शेजारच्या वाडीत मी बघितलंय, केळीच्या पानाची कड आधी करपायची, मग अख्खं पान वाळायचं, आणि विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. बायकांना सगळ्यात आधी कळलं ते डाळीवरून. त्यात १९९० ला सिडकोला नियोजनाचे अधिकार दिले गेले आणि हिरव्या पट्ट्याचं काय होणार याची भीती घराघरात बसली. जमिनीच्या पैशाबरोबर गुंडगिरीही आली, त्या काळात वसईत कुणी उघड बोलायचं नाही, अक्षरशः दारं लावून बोलायचे.

अशा वेळी फादर बोलले. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली तिचं नेतृत्व त्यांनी केलं, आणि त्यात फक्त ख्रिस्ती नव्हते हे तुमच्या वाचनालयात आवर्जून सांगा. वाडवळ, आगरी, भंडारी, मुसलमान, सगळे होते, कारण विहीर सगळ्यांचीच खारी होत होती. धमक्या आल्या, तरी माणूस मागं सरला नाही. मोर्चे निघाले, टँकरच्या विरोधात लोक रस्त्यावर आले, बायका पुढं होत्या.

आणि नाही, त्यांनी धर्मगुरूपण बाजूला ठेवलं नव्हतं, आम्हाला तरी तसं कधी वाटलं नाही. आमच्याकडं चर्च म्हणजे फक्त रविवारचा मिस्सा नसतो, धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर, त्यात शाळा, पतपेढी, भांडणं मिटवणं, सगळं त्या आवारात चालतं. मिस्सा संपल्यावर लोक आवारात थांबतात, तिथंच बातमी कळते, तिथंच ठरतं काय करायचं. त्यामुळं आमच्या धर्मगुरूला माणसं गोळा करायला वेगळी सभा लागत नाही. पण माणसं जमली म्हणून कुणी धाडस करतंच असं नाही, जमलेल्या माणसांसमोर नाव न घेता गोल गोल बोलून घरी जाणारे पण पुष्कळ असतात. फादरनी तसं केलं नाही, म्हणून माझ्या आईच्या पिढीनं त्यांना मानलं.

---

मिरज_ब्राह्मणपुरी

ताई छान लिहिलंत. मी थोडं इकडच्या बाजूचं घालतो. सातारा सांगलीकडं ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिशन हॉस्पिटल आठवतं. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ ला दवाखाना सुरू केला, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. आमच्या भागात बहुतेक चर्च त्याच परंपरेतली. कॅथलिक कमी, आणि ते पुणे धर्मप्रांतात येतात. २००९ पासून काही वर्षं पुण्याचे बिशप थॉमस डाबरे होते, तेही मूळ वसईचेच, आणि तुकारामांवर पीएचडी केलेले. तेव्हा फादर दिब्रिटो म्हणजे आभाळातनं पडलेला एकटा चमत्कार नाही, वसईत अशी एक मराठी कॅथलिक परंपरा आहे की ज्यात संतवाङ्मय परकं मानत नाहीत. आणि त्याच्याही मागं जायचं तर गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६ सालचं, मराठी ओवीत.

पण शाहूपुरीकर, तुमच्या साताऱ्याचाच धागा तुम्ही कसा सोडलात? रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटी साताऱ्यात राहिलेत. १९१७ ला मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले दोन्ही यावेत अशी कल्पना होती. १९१९ ला ते गेले, त्यामुळं ते काम पुढं वाढलं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणीत साताऱ्याचे दिवस आहेत, कुणीही वाचून घ्यावेत. टिळक प्रोटेस्टंट, दिब्रिटो कॅथलिक, पण दोघांनी मराठी माणसाला मराठीतनंच आपला ख्रिस्त सांगितला, अभंग ओवीचा कान ठेवून. तुमच्या श्रोत्यांना वसई लांबची वाटेल, टिळक जवळचे वाटतील, तिथनं सुरुवात करून दिब्रिटोंकडं जा.

'सुवार्ता'बद्दल पण बोला. चर्चचं मासिक म्हटलं की सणवार, लग्नं, बाप्तिस्मे, बिशपांचं पत्र, एवढंच असतं असा समज असतो. त्यांच्या काळात त्यात सामाजिक प्रश्न आले, इतर धर्मांचे लेखक लिहायला लागले. चोवीस वर्षं एक मासिक दर महिन्याला काढणं, तेही धर्मगुरूची बाकीची कामं करून, हे मला मोर्चापेक्षा अवघड वाटतं. मोर्चाला लोक दिसतात, संपादकाचं काम दिसत नाही.

---

स्पष्ट_मत (सांगली)

सगळं मान्य, त्यांच्या पाण्याच्या कामाबद्दल आदरच आहे. पण विरोध करणारे सगळे वेडे होते असं मांडू नका. साहित्य संमेलन हे साहित्याचं व्यासपीठ आहे, तिथं एका धर्माचा पूर्णवेळ प्रचारक अध्यक्ष म्हणून बसला तर प्रश्न येणारच, उद्या दुसऱ्या कुठल्या पीठाचे स्वामी बसले तरी मी हाच प्रश्न विचारेन. आणि मतदान झालंच नव्हतं, साहित्य महामंडळानं परस्पर ठरवलं. धमक्या देणं चूक, शंभर टक्के चूक, पण प्रश्न विचारणं चूक नाही. शाहूपुरीकरांनी वाद टाळून भाषण केलं तर श्रोत्यांच्या मनात तो राहणारच.

---

कृष्णाकाठ (वाळवा)

स्पष्ट_मत, मतदानाचं म्हणाल तर ती पद्धत त्यांच्यासाठी बदललेली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी यवतमाळच्या ९२ व्या संमेलनापासनं निवडणूक बंद करून एकमतानं निवड सुरू झाली, अरुणा ढेरे तशाच आल्या, त्यांच्यानंतर दिब्रिटो. मतदानात आधी काय काय चालायचं ते सगळ्यांना माहितीय, चांगले लेखक उभंच राहायचे नाहीत.

बाकी तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर त्यांच्या भाषणात बघावं असं मला वाटतं. प्रकृती बरी नसताना ते उस्मानाबादला आले. अध्यक्षीय भाषणात मराठी शाळांचं काय होणार, निसर्गाचं काय चाललंय, विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले, असहिष्णुता, हे सगळं बोलले. तिथं कुणाला बाप्तिस्मा घ्या म्हणाले नाहीत. आता कुणाला त्यांची मतं पटणार नाहीत, ती वेगळी गोष्ट, पण ती मतं एका मराठी लेखकाची आणि नागरिकाची होती. माणूस झगा घालून आला म्हणून त्याच्या तोंडून धर्मप्रचारच निघतो असं आपण आधीच का धरायचं? आमच्या सांगलीत २००८ ला म. द. हातकणंगलेकर सर अध्यक्ष होते तेव्हा ते कुठल्या देवळात जातात हे कुणी विचारलं नव्हतं.

मला खरं बोलायचंय ते पाण्यावर, कारण मी शेतकरी आहे आणि माहेर_वसई ताईंनी ते केळीच्या पानाचं लिहिलं तिथं माझा जीव अडकला. आमच्याकडं पण जमीन खारवते, फक्त उलट्या कारणानं. इथं कृष्णेचं पाणी पाटानं, लिफ्टनं भरमसाट आलं, ऊस लावला, पाणी तुंबवलं, निचरा नाही, खालचे क्षार वर आले, आणि सोन्यासारख्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. पांढरा थर बसतो वर, बांधावरनं चालताना कुरकुरतो. वसईत उपसून खारवलं, आमच्यात ओतून खारवलं. पण वसईत कुणीतरी उभं राहून सांगितलं की हे पाणी तुमच्या एकट्याच्या विहिरीतलं नाही, खाली सगळं एकच आहे. आमच्याकडं ज्याचं त्याचं शेत ज्याचा त्याचा ऊस, चर खणून निचरा करायचा तर शेजारी वाट देत नाही, कारण चर त्याच्या रानातनं जातो. शास्त्रज्ञ येऊन सांगतात, लोक चहा पाजतात आणि सोडून देतात. तेच जर ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे अशा माणसानं सप्त्यात उभं राहून सांगितलं, तर शेजारी वाट देईल असं मला मनापासनं वाटतं.

म्हणून शाहूपुरीकर, तुम्ही वर कीर्तनकारांचं लिहिलंय ना, ते भाषणात ठेवाच. कुणाला राग आला तरी ठेवा.

---

माहेर_वसई (कराड)

कृष्णाकाठ दादा, अगदी हेच. आमच्याकडं पण विहीर विकणारे आमच्यातलेच होते, बाहेरचे फक्त विकत घेणारे. त्यामुळं फादरना बोलावं लागलं ते आपल्याच माणसांना, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्यांनासुद्धा. बाहेरच्या गुंडाविरुद्ध बोललं की टाळ्या मिळतात, आपल्याच लोकांना वाडी विकू नका, पाणी विकू नका म्हटलं की लोक तोंड फिरवतात. ते त्यांनी सोसलं.

एक अजून, सगळं जिंकलं असं मात्र सांगू नका, कारण ते खरं नाही. २००९ ला महानगरपालिका आली, गावं त्यात नकोत म्हणून पुन्हा आंदोलन झालं, आज जाऊन बघा किती वाड्यांच्या जागी इमारती आहेत. पण जे काही हिरवं अजून उरलंय ते आपोआप उरलेलं नाही. फादर गेले तेव्हा नंदाखालच्या चर्चमध्ये शेवटचा निरोप दिला, माझ्या भावानं सांगितलं की पावसात सुद्धा माणसं मावत नव्हती आणि सगळ्या जातीधर्माची होती.

---

शाहूपुरीकर (सातारा)

मंडळी, खूप खूप आभार, हे सगळं मला कुठल्या वेबसाईटवर मिळालं नसतं. मी असं करतो, टिळकांच्या साताऱ्यापासनं सुरुवात, मग वसईची वाडी आणि विहीर, ती डाळ न शिजण्याची गोष्ट सांगतोच, त्यावर जास्त वेळ. मग 'सुवार्ता' आणि बायबल. स्पष्ट_मत, तुमचा मुद्दा पण घेणार, टाळणार नाही, निवड कशी झाली आणि भाषणात काय होतं हे सांगून श्रोत्यांना विचारेन. आणि क्षारपडचं घेणार, कारण आमच्या वाचनालयात कोरेगाव, कराडकडचे शेतकरी येतात.

शेवटचं एक, त्यांचं आत्मचरित्र 'नाही मी एकला' आमच्या वाचनालयात नाही, साताऱ्यात किंवा कराडात कुणाकडं असेल तर आठवडाभरासाठी द्याल का, येऊन घेऊन जाईन. 'सुवार्ता'चे जुने अंक कुणाच्या घरात पडून असतील तरी सांगा, नुसते फोटो पाठवले तरी चालतील.

---

माहेर_वसई (कराड)

आत्मचरित्र माझ्याकडं आहे, कुरिअर नको, रविवारी साताऱ्याला येणारे, पोवई नाक्यावर देते. अंकांचं आईला विचारते, माळ्यावर गठ्ठा होता, वाळवीनं ठेवला असेल तर.