नेट, सिम, यूपीआय : कुठे अडतं आणि कशाने सुटतं

‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार केली की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच ऐकू येतं. ‘आरएक्स पॉवर उणे 28 दाखवतंय’, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश फार क्षीण आहे, असं सांगितलं की बोलणं एकदम कामाचं होतं. म्हणून हा धागा. फोन, नेट, बँकेची ॲपं, चार्जर, ज्यातलं तुम्हाला नेमकं कळतं ते लिहा : लक्षण काय, मुळाशी काय असतं, काय केल्याने सुटतं. कंपन्यांची नावं नकोत, बिघाड सगळीकडे सारखेच असतात. सुरुवात फायबरपासून करतो.

फायबरची बारीक तार ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. त्याच्यावर एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. राउटर कितीदाही बंद-चालू केला तरी काही होणार नाही, सरळ तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. खरी डोकेदुखी दिवा ठीक असताना नेट अडखळतं तेव्हाची. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका (पत्ता आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो) आणि पीओएन किंवा ऑप्टिकल नावाच्या पानावर आरएक्स पॉवर बघा. उणे 15 ते उणे 24 डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. उणे 27 च्या आसपास गेलं की डब्याची ताकद संपत येते आणि नेट तुटू लागतं. 3 डीबी घसरले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, हे लक्षात ठेवा. काल उणे 21 आणि आज उणे 24, तर वाटेत कुठेतरी अर्धा प्रकाश गळतोय.

बहुतेकदा तो घरातच गळतो. कपाट भिंतीला टेकवताना तार मागे दुमडली जाते, किंवा उरलेली तार बाटलीच्या झाकणाएवढं घट्ट वेटोळं करून खिळ्याला टांगलेली असते. वेटोळं निदान बशीएवढं ठेवा. कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं टोक 8 अंशांच्या कोनात घासलेलं असतं, निळ्याचं तसं तिरपं नसतं. हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात, पण प्रकाश नीट जात नाही आणि टोक कायमचं खराब होऊ शकतं. टोक शर्टाने पुसू नका, आणि सुटलेल्या तारेत डोकावून तर कधीच बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरच असतो.

*

याला जोडून. प्लॅन 200 किंवा 300 एमबीपीएसचा आणि लॅपटॉपला केबल लावून स्पीड टेस्ट केली की दर वेळी 94-95 च्या आसपास. हा आकडा दिसला की दोष कंपनीच्या लाइनचा नाही, लॅन केबलचा किंवा पोर्टचा. केबलमध्ये 8 तारा असतात. 100 एमबीपीएसला 4 पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक जरी तार तुटली किंवा क्रिम्पिंगमध्ये (टोकाला पिन बसवताना) नीट बसली नाही, की दोन्ही टोकं गुपचूप 100 वर येतात, आणि त्यातून डेटाभोवतीचं पॅकिंग (पत्ते वगैरे) वजा जाता 94 उरतात. जुनी इमारत, जिन्यातून ओढलेली केबल आणि 4 तारांवरच काम भागवलेलं असेल, तर मोठा प्लॅन घेऊन पैसे वाया जातात. आधी केबल बदला. जुन्या स्वस्त राउटरचं पोर्टच 100 चं असतं, तेही तपासा.

*

वायफायवर मोजत असाल तर 5 गिगाहर्ट्झच्या नावाला जोडूनच मोजा. 2.4 लांब पोचतं, पण सोसायटीत शेजारच्या वीस राउटरांची गर्दी तिथेच असते. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, 1, 6 आणि 11. चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर हाताने त्यातलं सगळ्यात मोकळं निवडा.

*

लोडशेडिंगवाल्यांसाठी. राउटरचा मिनी यूपीएस घेताना तीन गोष्टी बघा. ॲडॉप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय की 9, ते. पिनेची जाडी (बहुधा 5.5 मिमी, पण आतलं भोक 2.1 किंवा 2.5). आणि क्षमता वॅट-अवरमध्ये. खोक्यावरचे ‘10,000 एमएएच’ सेलच्या 3.7 व्होल्टला मोजलेले असतात, 12 व्होल्टला नव्हे. त्याचे झाले 37 वॅट-अवर, रूपांतरात थोडे जाऊन हाती तिशीच्या घरात. राउटर 8 वॅट ओढत असेल तर पावणेचार तास. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी. राउटर एकटाच जागा राहिला तर वायफाय दिसतं, नेट नसतं.

यूपीएस लावूनही वीज जाताच नेट जात असेल तर तुमच्याकडे लॅन केबल येते की फायबर ते बघा. केबलवाल्याचा स्विच जिन्यातल्या पेटीत विजेवर चालतो. घरापर्यंत फायबर असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या डब्याला) वीज लागतच नाही.

*

सिमबद्दल. नंबर पोर्ट करायला रोमन लिपीत पोर्ट, एक जागा सोडून आपला 10 अंकी नंबर, आणि तो एसएमएस 1900 वर. परत 8 अक्षरांचा यूपीसी (पोर्टिंगचा कोड) येतो, तो महाराष्ट्र-गोव्यात 4 दिवस चालतो. यूपीसी आला नाही तर कारणं ठरलेली असतात : सध्याच्या कंपनीत 90 दिवस झाले नाहीत, पोस्टपेडचं बिल बाकी आहे, किंवा सिम नुकतंच बदललंय. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर 7 दिवस पोर्टिंग होत नाही. सर्कलचा (मोबाइल सेवेच्या विभागाचा) घोळही नेहमीचा. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो, मुंबईचं सर्कल मात्र वेगळं. त्यामुळे पुण्याचा नंबर पणजीत पोर्ट करणं सर्कलच्या आतलं आणि मुंबईचा नंबर पुण्यात करणं दोन सर्कलमधलं. पहिल्याला 3 कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्याला 5.

सगळ्यात जास्त पंचाईत होते ती याने : सिम बदललं, अगदी त्याच कंपनीत ई-सिम केलं, तरी 24 तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक रोखायला ते आवश्यकच आहे. पण त्या दिवशी ओटीपी येणार नाही. कॉलेजची फी भरायच्या किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

*

परदेशातल्यांना ओटीपीचा हा त्रास कायमचाच. अमेरिका, ब्रिटन, यूएई, ओमान, सिंगापूर अशा काही देशांतल्या नंबरावर एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं यूपीआय 2023 पासून चालू करता येतं. मुख्य अट, तो नंबर बँकेत नोंदलेला हवा.

*

यूपीआयचंच निघालंय तर. पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. व्यवहार उघडा, 12 अंकी यूटीआर नंबर टिपून घ्या, स्थिती ‘पेंडिंग’ आहे की ‘फेल्ड’ ते बघा. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक यावर स्पष्ट आहे. माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला पोचले नाहीत तर 5 दिवसांत. एटीएममधून नोटा न येता खात्यातून कापले गेले तरीही 5 दिवस. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. काउंटरवर ‘आठ-दहा दिवस लागतील’ म्हणाले तर हे परिपत्रक दाखवा आणि तक्रार लेखी द्या. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं.

चुकीच्या नंबरावर स्वतःच पाठवलेले पैसे यात येत नाहीत. तो व्यवहार यशस्वी धरला जातो. फसवणूक असेल तर मात्र आधी 1930 ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन, मग बाकी सगळं.

*

छोटीशी भर. फोन चार्ज होताना केबल जरा हलली की चार्जिंग तुटतं, आणि लोक नवीन केबल, मग नवीन चार्जर घेतात. आधी पोर्टमध्ये उजेड पाडून बघा. खिशातला कापूस तळाशी दाबून दाबून त्याचा नमदा होतो, आणि पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. ‘टक्’ असा आवाज येत नाही, ही खूण. फोन बंद करा, लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी करा, आणि कडेकडेने खरवडून काढा. टाइप-सीच्या मधोमध पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. सेफ्टी पिन अजिबात नको.

*

माझा विषय मराठी टायपिंग. सोसायटीच्या यादीत ‘कऱ्हाडे’ शोधलं तर सापडत नाही, पण नाव डोळ्यांसमोर दिसतंय, असं झालं की यादी खराब नाही. ऱ्य, ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतात. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडक. दिसायला सारखंच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. यादीतल्याच एका नावातून ते अक्षर कॉपी करून ‘शोधा आणि बदला’मध्ये टाका, आणि सगळीकडे एकच पद्धत करून घ्या.

एसएमएसलाही हेच लागू. रोमनमध्ये एका एसएमएसला 160 अक्षरं, देवनागरीत 70, आणि निरोप लांबला तर प्रत्येक तुकड्यात 67. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या पद्धतीने 7 जागा घेतो, दुसरीने 8.